परवानगी लटकली, जबाबदार कोण? साहेबांचा खुलासा आणि तुमची पोचपावती



धाराशिवच्या जवळपास प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच, "सर, फाईल तीन महिने पडून आहे. साहेबांवर कारवाई होते का हो?"

होऊ शकते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 बघा. अधिसूचित सेवा मुदतीत दिली नाही आणि त्याला वाजवी कारणही नाही, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होतो. वारंवार उशीर करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते.

आपली लोकं इथपर्यंतच वाचतात. पुढचं वाचा, कारण खरी लढाई तिथं आहे.

शिस्तभंगाआधी विभागप्रमुखाला कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. अधिकाऱ्याला खुलाशासाठी 15 दिवस मिळतात. कारण पटलं, किंवा उशीर दुसऱ्याच अधिकाऱ्यामुळं झाला असं दिसलं, तर नोटीस मागं घेता येते. कायद्यातच तशी सोय आहे. आणि ती बरोबरच आहे असं माझं मत. फाईल चार टेबलं फिरते, शेवटी ज्याच्याकडं सापडली त्यालाच धरायचं, हा काय न्याय झाला?

पण खुलाशात सगळ्यात सोपं वाक्य कोणतं माहितीये? "अर्ज अपूर्ण होता." म्हणजे उशीर साहेबांचा नाही, तुमचा!

समजा, उमरग्यात तुमचं दुकान आहे. 3 जूनला अर्ज दिला, सेवेची मुदत 15 दिवस. 10 तारखेला फोन आला, "भाडेकरार जोडा." 12 तारखेला तुम्ही करार टेबलावर ठेवून आलात. पोच घेतली नाही. दाखला निघाला जुलैअखेर. आता ते म्हणाले की करार 15 जुलैला मिळाला, तर तुम्ही काय दाखवणार? मुदत मोजतात ती अर्ज सगळ्या बाबतीत पूर्ण झाल्यापासून. तुमची 12 जून ही तारीख कुठंच नाही.

म्हणून अर्जाची पोच, त्यावरचा विशिष्ट क्रमांक आणि तारीख घ्याच. त्रुटी फोनवर सांगितली तरी पूर्तता लेखी पत्रानं द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. चहावाल्यासमोर दिलेला कागद पुरावा होत नाही, राव.

नेमकं अडलं कुठं हे कळत नसेल तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात आवक नोंद आणि टिपणीच्या प्रती मागा. शासकीय दिरंगाईला प्रतिबंध करणारा 2005 चा वेगळा कायदा आहे. एका कर्मचाऱ्याकडं फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं तो सांगतो. टिपणीवरच्या सह्या आणि तारखा बघितल्या की कुणाकडं किती दिवस गेले ते समजतं. कधी कधी गरीब क्लार्क उगाच अडकलेला असतो, तेही त्यातूनच दिसतं.

आणि एक, दंड त्यांच्या पगारातून कापला जातो, तुमच्या खिशात येत नाही. आपल्याला पाहिजे दाखला. त्यामुळं भांडणात महिना घालवू नका. मुदत संपली किंवा अर्ज फेटाळला की 30 दिवसांत पहिलं अपील टाका, तेही पोचपावतीच्या झेरॉक्ससकट. तिथं नाही जमलं तर पुढच्या 30 दिवसांत दुसरं, आणि त्यानंतर 60 दिवसांत लोकसेवा हक्क आयोगाकडं तिसरं. पहिल्या अपिलाचा अधिकारी कोण, हे पोच घेतानाच विचारून पावतीच्या मागं लिहून ठेवा.