बँकेचा वकील काय करतो?

वकील म्हटले की काळा कोट आणि न्यायालय एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु काही वकिलांचे बहुतेक काम न्यायालयाबाहेर, कागदपत्रांवर चालते. बँका व वित्तीय संस्थांना नियमांबाबत सल्ला देणारे हे वकील. बारावीनंतर काय, हा प्रश्न घरोघरी असतो, म्हणून या क्षेत्राची ओळख करून देत आहोत.

बँकेतील बहुतांश पैसा ठेवीदारांचा असतो. म्हणून बँकिंग नियमन कायदा, १९४९ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या परवान्याशिवाय बँक चालवता येत नाही. या कायद्याचे कलम २० संचालकांना कर्ज देण्यावर बंधन घालते. शिवाय रिझर्व्ह बँकेचे नियम वरचेवर बदलतात. नवा नियम आला की त्याचा अर्थ लावणे, करार तपासणे आणि प्रसंगी संचालक मंडळाला "हे करता येणार नाही" असे स्पष्ट सांगणे, हे या वकिलाचे काम. शेवटचे काम सर्वांत कठीण, कारण त्याची फी तीच बँक देत असते.

असे सांगणारे कोणी नसले, किंवा त्याचे ऐकले गेले नाही, तर काय होते? सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. कर्जाचा फार मोठा भाग एकाच उद्योगसमूहाकडे गेल्याचे उघड झाले. ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांना मात्र दहा वर्षांपर्यंतचे हप्ते मिळाले.

दरम्यान कायदा बदलला. २०२० च्या दुरुस्तीने सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीनुसार बँकेवर असे निर्बंध आले, तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी अशी तरतूद झाली.

पालक व विश्वस्त मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही मर्यादा एका बँकेतील सर्व शाखा मिळून आणि व्याजासह मोजली जाते. संस्थेचे २० लाख एकाच बँकेत असले, तरी विमा ५ लाखांचाच.

या क्षेत्रात येण्यासाठी बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम करता येतो. आपल्या मध्य प्रदेशात भोपाळ येथे राष्ट्रीय विधि संस्थान विश्वविद्यालय आहे. तेथील पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा प्रवेश क्लॅट परीक्षेने होतो. बँकांत विधी अधिकाऱ्यांची पदेही असतात. इंग्रजी पक्के हवे, ताळेबंद वाचता यायला हवा. वाणिज्य शाखेच्या मुला-मुलींनी याचा अवश्य विचार करावा.