मुक्कामाचे अंदाजपत्रक

अमेरिकेस जाण्याची परवानगी मागण्याकरिता आधी थायलंडास जाऊन राहावे लागते, ही गोष्ट हिंगोली जिल्ह्यातील कोणा शेतकऱ्यास एरवी सांगितली असती तर त्याने ती ऐकून घेतली असती, पण खरी मानली नसती; आणि तरीही 2023 सालच्या फाल्गुनात, कळमनुरी तालुक्यातील माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी, एकीकडे शिजवलेली हळद अंगणभर वाळत पडलेली असताना, दुसरीकडे नेमक्या याच कामाच्या खर्चाचा तक्ता मांडण्याचे काम रोज संध्याकाळी चालत असे.

त्यामागचे कारण गणिताचे होते आणि ते गणित निष्ठुर होते. माझी भाची अमेरिकेत. तिचे पहिले बाळंतपण निज श्रावणात अपेक्षित. पहिल्या बाळंतपणास लेकीने माहेरी यावे ही आपली रीत; परंतु ज्या मुलीस नोकरीमुळे आणि तिथल्या मुक्कामाच्या परवान्यामुळे येता येत नाही, तिच्याकडे माहेरानेच जावे, असा नवा पाठ गेल्या पंचवीस वर्षांत मराठवाड्यातील कितीतरी घरांनी गिरवला आहे. आईबापांना त्यासाठी पर्यटकाचा व्हिसा लागतो, त्याला समक्ष मुलाखत लागते, आणि त्या काळी भारतातील अमेरिकी वकिलातींत प्रथमच अर्ज करणाऱ्यास मुलाखतीची तारीख पाचशे दिवसांहून पुढची मिळत होती. मूल नऊ महिन्यांत येते. पाचशे दिवसांनी पोचणारी आजी बाळंतिणीच्या शेकशेगडीस उपयोगी पडत नाही. ती नातवाचे चालणे पाहायला जाते. महासाथीत दीड-दोन वर्षे साचून राहिलेल्या अर्जांचा हा परिणाम होता आणि त्यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष नव्हता, हे मला समजते. पण ज्या घरात दिवस मोजले जात असतात तेथे कारणमीमांसेने समाधान होत नाही.

अशा वेळी, फेब्रुवारी 2023 मध्ये, भारतातील अमेरिकी वकिलातीनेच जाहीर केले की ज्यांना परदेशप्रवास करायचा आहे त्यांना त्या त्या देशातील अमेरिकी वकिलातीतही मुलाखत मागता येईल. उदाहरणादाखल तिने नाव घेतले ते बँकॉकचे, जेथे भारतीयांसाठी पर्यटक आणि व्यापारी वर्गाच्या मुलाखती उपलब्ध करून दिल्या होत्या आणि तारीख पंधरवड्याच्या आसपास मिळत होती. थायलंडला आपण शेजारी म्हणत नाही, कारण आपली नजर जमिनीवरच्या सीमेवर असते; पण अंदमानच्या समुद्रात दोन्ही देशांची हद्द एकमेकींस लागलेली आहे, आणि हैदराबादेहून विमान तेथे चार तासांच्या आत पोचते. कळमनुरीहून मुंबईस रेल्वेने जाण्यास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो.

माझे भाऊजी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी कागदावर न आलेला खर्च हा खर्चच नव्हे, आणि तपशिलाविना घातलेली रक्कम ही अफरातफरीची पहिली पायरी. त्यांनी वही आखली आणि रुपये, बाथ व डॉलर अशी तीन नाण्यांची तीन सदरे पाडली, तेव्हा मला आमच्या वडिलांची जुनी जमाखर्चाची वही आठवली. हिंगोली तेव्हा निजामाच्या मुलखात, आणि पैनगंगेपलीकडचे वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली. वाशिमच्या बाजारास जाणाऱ्याला हाली सिक्क्याचे कलदार करून घ्यावे लागत, सात हालीस सहा कलदार अशा हिशेबाने, आणि माल असेल तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. नदी ओलांडण्यापूर्वी दोन नाण्यांत हिशेब करण्याची या भागाला सवय होती. 1948 नंतर ती हद्द गेली, पुढे काही वर्षांनी हाली सिक्काही गेला; पण त्या पिढीचा सावधपणा भाऊजींच्या हातात उतरला होता.

निश्चित रकमांची पाने लवकर भरली. अर्जाचे शुल्क माणशी 160 डॉलर, म्हणजे दोघांचे 320; डॉलर 82 रुपये धरून 26,240 रुपये. हे शुल्क व्हिसा मिळो वा न मिळो, परत होत नाही, आणि एका देशात भरलेले दुसऱ्या देशात चालत नाही. म्हणून मुंबईची दूरची तारीख हाताशी असावी एवढ्यासाठी तेथेही पैसे भरून ठेवण्याचा विचार त्यांनी सोडून दिला. (हेच शुल्क त्या वर्षीच्या 17 जूनपासून 185 डॉलर झाले.) विमानाचे भाडे, नांदेडहून हैदराबादचा रेल्वेखर्च, विमा, छायाचित्रे, सातबारा व निवृत्तिवेतनाचा आदेश यांची इंग्रजी भाषांतरे, हे सर्व एका पानात बसले. भाषांतराचा खर्च मुंबईत कदाचित वाचला असता, कारण तेथे मुलाखत मराठीतही देता येते. बँकॉकमध्ये सातबारा वाचू शकणारा अधिकारी भेटेल ही आशा कशाच्या बळावर करावी? अमेरिकी कायदा प्रत्येक पर्यटक अर्जदारास, तो स्वतः उलट सिद्ध करीपर्यंत, तेथेच कायमचा राहू पाहणारा समजतो. परत येण्याचे कारण दाखवणे हा त्याच्यावरचा भार असतो, आणि आमच्याकडे ते कारण म्हणजे जमीन.

याच भाषेच्या अडचणीतून तिसरे तिकीट निघाले. भाऊजींचे इंग्रजी कचेरीतल्या पत्रव्यवहाराचे, ताईला हिंदीपलीकडे काही येत नाही. सोबत कोणी तरी हवे, आणि ते मी जावे असे ठरले. माझा खर्च मी करीन म्हणालो. ताईने वही पुढे ओढली, ‘सोबती’ असे सदर स्वतःच्या हाताने लिहिले आणि म्हणाली, “माह्या कामाला येऊलास, तर पैसे बी माहेच लागतेन.” पुढे त्यावर बोलणे झाले नाही.

खरा विचार लागला तो मुक्कामाला. मुलाखत ही एका सकाळची गोष्ट. पण मंजुरी मिळाली की पासपोर्ट वकिलातीत राहतो, त्यावर व्हिसा चिकटवला जातो आणि तो काही दिवसांनी परत येतो. अधिकाऱ्याने अधिक चौकशी काढली तर ते काही दिवस किती, हे कोणी सांगू शकत नाही. आणि पासपोर्ट हाती नसलेला माणूस परक्या मुलखातून हलू शकत नाही. थायलंडात विमानतळावर 2,000 बाथ भरून मिळणारी परवानगी तेव्हा एप्रिलपासून पुन्हा 15 दिवसांचीच होणार होती; मुदतीपेक्षा अधिक राहिल्यास दिवसास 500 बाथ दंड, 20,000 बाथांच्या मर्यादेपर्यंत. म्हणजे एका दूतावासाच्या विलंबाचा दंड दुसऱ्या सरकारला भरावा लागण्याची शक्यता, आणि वर परवान्यावर डाग. भाऊजींनी ती जोखीम घेतली नाही. मुंबईतील थाई वाणिज्य दूतावासाकडून 60 दिवसांचा पर्यटक व्हिसा आधीच काढून घ्यायचा, असे त्यांनी ठरवले. एका परवान्याच्या पायात दुसरा परवाना, पण निजेच्या दृष्टीने तो स्वस्त पडला.

तारीखही विचारपूर्वक धरली गेली. 13 ते 15 एप्रिल हे तिकडचे नववर्ष, सोंगक्रान. त्या सुमारास कचेऱ्या बंद, खोल्यांचे दर चढे. अमेरिकी वकिलात आपल्या देशाच्या सुट्ट्या पाळते आणि यजमान देशाच्याही, हे भाऊजींनी प्रथम पाहिले होते. महसुली माणूस सुट्ट्यांची यादी आधी वाचतो. म्हणून एप्रिलच्या उत्तरार्धातली तारीख.

मग त्यांनी मुक्कामाचे तीन अंदाज मांडले: 5 दिवस, 10 दिवस आणि 20 दिवस. दोन खोल्या, प्रत्येकी 1,200 बाथ. बाथ सुमारे 2 रुपये 40 पैसे. म्हणजे केवळ निवाऱ्याचे दिवसास 5,760 रुपये. जेवण आणि जाणेयेणे मिळवले की रक्कम साडेसहा हजारांच्या पुढे सरके. ताई हे आकडे ऐकत होती, आणि एकदम म्हणाली, “म्हणजे दिसाला एक क्विंटल.” त्या हंगामाच्या आरंभी हळदीचा भाव क्विंटलमागे साडेसहा-सात हजारांच्या आसपास होता. त्या क्षणापासून वहीतील बाथ आणि डॉलर तिच्यापुरते संपले. पाच दिवस म्हणजे पाच क्विंटल, वीस दिवस म्हणजे वीस. आणि एक क्विंटल सुकी हळद म्हणजे सुमारे पाच क्विंटल ओले कंद, नऊ महिन्यांचे पाणी, खुरपणी, काढणी, शिजवणी, वाळवणी आणि ढोलातली घासणी. मी आजवर अनेक अंदाजपत्रके वाचली आहेत, पण खर्चाला त्याच्या मूळ श्रमात परत नेऊन पाहणारे इतके स्पष्ट माप दुसरे पाहिले नाही. परकीय चलनाचा दर समजावून सांगण्याची भाषा आमच्या शाळांनी तिला दिली नव्हती. तिने स्वतःची काढली, आणि ती भाऊजींच्या तिन्ही सदरांपेक्षा उपयुक्त ठरली. वीस दिवसांच्या अंदाजासमोर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तेवढे कट्टे वेगळे काढायला सांगितले.

येथे अंदाजपत्रकात न दिसणारा एक खर्च आहे, आणि त्याबद्दल मला फार वाटते. ज्याला थांबता येते तो हळद कोरडी ठेवून भावाची वाट पाहतो. ज्याला तारीख गाठायची असते तो हिंगोलीच्या बाजारसमितीत बीटाला मिळेल त्या भावाने माल घालतो आणि आडत्याची पट्टी घेऊन परततो. ताईने मार्चअखेरीस हळद विकली. त्या साली पेरा घटला, पाऊस लांबला, आणि ऑगस्टपर्यंत हळद दुपटीच्या घरात गेली. व्हिसाच्या प्रतीक्षेचे जे दिवस दूतावासाच्या फलकावर एक आकडा म्हणून दिसतात, त्यांची किंमत अशा रीतीने कळमनुरीच्या शिवारात चुकती होते, आणि ती कोणत्याही शुल्काच्या तक्त्यात नमूद नसते.

आणखी एक सदर होते, ज्याचे नाव लिहिताना भाऊजी थबकले: ‘नकार’. नकार आल्यास सर्व रक्कम बुडीत, आणि पुन्हा अर्ज करायचा तर पुन्हा शुल्क. काही घरांत ही शक्यता बोलून दाखवणे अशुभ मानतात. त्यांनी ती लिहिली, समोर पूर्ण खर्चाची बेरीज मांडली, आणि ताईला विचारले की एवढे गेले तर चालेल का? तिने मान डोलावली तेव्हाच तिकिटे काढली. मला हा प्रसंग त्या सर्व कामातील सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो.

बँकॉकचे प्रवासवर्णन मी येथे लिहिणार नाही. पैसे काढण्याच्या यंत्रावर परदेशी कार्डास दर खेपेस 220 बाथ पडत, म्हणून थोडे थोडे न काढता एकदम काढावे, एवढे तेथे जाणाऱ्यास सांगण्याजोगे. जेवणाचा प्रश्न मात्र अनपेक्षितपणे सुटला. फाहुरात भागात श्रीगुरुसिंगसभेचा मोठा गुरुद्वारा आहे आणि तेथे सकाळी लंगर चालतो. शिखांच्या ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत, आणि ज्या नर्सीस परंपरा नामदेवांचे गाव मानते ती नर्सी आमच्याच जिल्ह्यात. सेवेकऱ्यास ताईने आपल्या हिंदीत हे सांगितले, तेव्हा त्याने तिला आत नेऊन बसवले. ती रोज तेथे पोळ्या लाटू लागली आणि रोज निघताना दानपेटीत, हिशेबात धरलेल्या जेवणाच्या रकमेपैकी निम्मी रक्कम टाकी. भाऊजींनी ती ‘भोजन’ या सदरातच लिहिली, ‘दान’ असे वेगळे काढले नाही.

वायरलेस रोडवरच्या वकिलातीत मला प्रवेश नव्हता. आत काय झाले ते भाऊजींकडून कळले: बोटांचे ठसे, मुलगी काय करते, परत कधी येणार, जमीन किती, ती आता कोण पाहते. सातबाऱ्याचे भाषांतर कोणी मागितले नाही. व्हिसा मंजूर झाला. पासपोर्ट मधल्या अंदाजाच्या आतच हाती आले, आणि विसाव्या दिवसापर्यंतचे कट्टे ज्या रकमेत रूपांतरित झाले होते तिच्यातील मोठा भाग शिल्लक राहिला. तो ताईने अमेरिकेच्या तिकिटांत घातला. श्रावणात ती पोचलेली होती.

पुढे दोनेक वर्षे ती वही गावोगाव फिरली. सेनगावहून, वसमतेहून लोक येऊन तिची नक्कल करून नेत. मग 6 सप्टेंबर 2025 रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने असा नियम जाहीर केला की पर्यटकासारख्या तात्पुरत्या व्हिसाचा अर्ज ज्याने त्याने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा. बँकॉकची वाट बंद झाली. आता जो येतो त्यास भाऊजी मुंबई आणि हैदराबाद यांची दोन वेगळी पाने मांडून देतात. मार्च 2024 पासून जनशताब्दी हिंगोलीहून सुटत असल्याने मुंबईचा रेल्वेखर्च व हाल कमी झाले आहेत, तरी ते स्वतः हैदराबादच सुचवतात: नांदेडहून रात्रीची गाडी, ठसे आणि मुलाखत यांच्या तारखा लागोपाठच्या मागायच्या, मधली एक रात्र मुक्कामाची धरायची, आणि दुसरी रात्र तरतुदीत ठेवायची, लागली नाही तरी.