‘साभार परत’ची भीती आणि वस्तुस्थिती

ज्यांनी उमेदीची वर्षे धरणांच्या भिंती, पुलांचे पाये आणि कारखान्यांतील बाष्पपात्रे यांच्या सान्निध्यात घालविली, अशा अभियंत्यांना स्वतःच्या कामाचा चार पानांचा वृत्तांत एखाद्या तांत्रिक नियतकालिकाकडे धाडण्याविषयी सुचविले, की ते ज्या सबबी पुढे करतात त्यांतील बहुतेक ऐकीव समजुतींवर उभ्या असतात. आणि ज्या थोड्यांना ही भीड शिवत नाही ते पुष्कळदा नेमक्या उलट भ्रमाने, म्हणजे छापून आले की सारे हक्क आपल्या पदरात पडले अशा समजुतीने, लेखणी उचलतात.

सर्वांत रूढ समजूत अधिकाराविषयीची. नावापुढे पदव्यांची माळ नसेल तर लेख न वाचताच ‘साभार परत’ येतो, असे मानले जाते. १९४५ च्या ऑक्टोबरात ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश रेडिओ-अभियांत्रिकीच्या मासिकाने, पृथ्वीभोवती एकमेकांपासून १२० अंशांवर तीन अवकाशस्थानके ठेवल्यास साऱ्या जगाला संदेशवहन पुरविता येईल, असे प्रतिपादन करणारा जो लेख छापला, त्याचे कर्ते आर्थर क्लार्क हे त्या वेळी ब्रिटिश वायुसेनेत रडारचे काम पाहणारे सत्तावीस वर्षांचे अधिकारी होते आणि विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी अद्याप नव्हती. कल्पनाही सर्वस्वी अपूर्व नव्हती. पृथ्वीच्या भ्रमणाशी गती जुळवून आकाशात एकाच जागी स्थिर भासणाऱ्या स्थानकाचे वर्णन हेर्मान पोटोच्निक यांनी १९२९ च्या आपल्या ग्रंथात केलेले होते. क्लार्क यांनी त्या कल्पनेला जगभरच्या प्रक्षेपणाची योजना जोडली, कक्षेची त्रिज्या सुमारे ४२,००० किलोमीटर धरली, आणि लागणाऱ्या शक्तीचा हिशेब कोणाही जाणत्या वाचकाला पडताळून पाहता यावा अशा रीतीने मांडला. त्यांची सर्वच भाकिते खरी ठरली असेही नाही. या स्थानकांवर माणसे वस्ती करतील, अशी त्यांची अटकळ होती. तरीही पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे सत्तरीच्या आरंभी जे उपग्रह भूकेंद्र उभे राहिले, ते अशाच स्थिर कक्षेतील उपग्रहाच्या आधारावर चालले.

दुसरी समजूत विस्ताराविषयीची आहे, आणि तिने चांगल्या चांगल्या लेखांची माती केली आहे. आरंभीची तीन पाने विषयाच्या इतिहासाला, पुढची दोन पाठ्यपुस्तकातील सूत्रांच्या सिद्धतेला, आणि प्रत्यक्ष कामाला शेवटचा अर्धा परिच्छेद, अशी वाटणी केली की लेख भारदस्त दिसतो खरा. पण वाचणारा सहव्यवसायी ज्यासाठी मासिक उघडतो ते त्या अर्ध्या परिच्छेदातच असते. इलिनॉय विद्यापीठाचे हार्डी क्रॉस यांनी अनेक आधारांच्या चौकटींचे गणित हाताने, सोप्या बेरजा-वजाबाक्यांनी सोडविण्याची मोमेंट डिस्ट्रिब्यूशनची रीत १९३० च्या मे महिन्यात अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या कार्यवृत्तात मांडली, ती अवघ्या दहा पानांत. त्यावर ३८ जणांनी चर्चा केली आणि तिने १४६ पाने व्यापली! या प्रमाणाचा विचार प्रत्येक लेखकाने मसुदा पाठविण्यापूर्वी एकदा तरी करावा.

प्रत्यक्षात लेख अडतो तो भलत्याच, क्षुल्लक वाटणाऱ्या ठिकाणी. तुळईला गेलेल्या भेगेचे छायाचित्र येते. पण शेजारी मोजपट्टी नसल्यामुळे ती भेग केसाएवढी की बोट शिरेल एवढी, हे कळावयास मार्ग नसतो. भिंतभर पसरणारा नकाशा मासिकाच्या स्तंभाच्या रुंदीत बसविला की त्यावरील अक्षरे मुंग्यांच्या रांगेसारखी दिसू लागतात. कोष्टकात दाबाचे आकडे असतात, एकक नसते. काँक्रीटचे ठोकळे अमुक इतक्या भाराला फुटले, असे लिहिलेले असते. परंतु ते किती दिवसांचे होते आणि किती ठोकळे फोडले याचा खुलासा आढळत नाही. संपादकाने हे तपशील मागितले म्हणजे त्याने आपल्या प्रामाणिकपणाविषयी संशय घेतला, असे समजून रुसणारे लेखक काही कमी नाहीत. क्लार्क यांच्या लेखाचे मूळ शीर्षकसुद्धा संपादकांनी बदलले होते, आणि आज तो लेख त्या बदललेल्या शीर्षकानेच ओळखला जातो.

आता हक्कांची गोष्ट, जिथे अज्ञानाची किंमत खरोखरच मोजावी लागते. लेखाबद्दल क्लार्क यांना १५ पौंड मिळाले. पेटंट त्यांनी घेतले नव्हते. लेख छापल्याने संरक्षण मिळते ते शब्दांना आणि आकृत्यांना. त्यांत वर्णिलेली युक्ती वाचकांपैकी कोणीही वापरू शकतो. इतकेच काय, आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार अर्जापूर्वी युक्ती प्रसिद्ध झाली असेल तर तिचे नावीन्यच संपुष्टात येते. संशोधकाने विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या किंवा त्याच्या संमतीने त्या संस्थेच्या कार्यवृत्तात छापलेल्या निबंधाला कलम ३१ ने बारा महिन्यांची सवलत दिली आहे. परंतु बाजारात विकल्या जाणाऱ्या व्यावसायिक मासिकाला ती लागू होईल या भरवशावर कोणी राहू नये. अर्ज आधी दाखल करावा, लेख मागाहून धाडावा.

मालकाच्या संमतीविषयी दोन्ही टोकांचे गैरसमज आढळतात. नोकरीत असलेल्याला लिहिताच येत नाही, हे खरे नाही. आणि मी लिहिले म्हणजे ते माझेच, हेही खरे नाही, कारण नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा स्वामित्वहक्क, उलट करार नसल्यास, १९५७ च्या कायद्याप्रमाणे सामान्यतः मालकाकडे जातो. डब्लिनच्या गिनेस कारखान्यातील विल्यम गॉसेट यांना गुपिते फुटण्याच्या धास्तीमुळे स्वतःच्या नावाने लिहिण्याची मुभा नव्हती. म्हणून १९०८ मधला त्यांचा सुप्रसिद्ध निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आला. आजच्या लेखकाला टोपणनावाची गरज नाही. कोणते आकडे द्यावयाचे आणि कोणते गाळावयाचे हे वरिष्ठांकडून आधी लेखी ठरवून घ्यावे, आणि ते मंजुरीपत्र मसुद्यासोबतच जोडावे. स्वीकृतीनंतर ते मागावयास गेल्यास कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो, अंक निघून जातो, आणि मग कंटाळून तोच मसुदा दुसऱ्या मासिकाकडे धाडण्याचा मोह होतो; तो धाडावयाचा तर पहिल्या संपादकांना तसे कळवून, लेख रीतसर मागे घेऊनच धाडावा.