साबणाचा रेणू पिशवी कधी होतो?

१९४५ साली अमळनेरात उभी राहिलेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स म्हणजे आजची विप्रो. तिचा तेव्हाचा मुख्य माल वनस्पती तूप, आणि तेलाचा जोडमाल ‘७८७’ हा धुण्याचा साबण. पेशीच्या आवरणाचं रसायन कळायला तेल आणि साबणाचं हेच नातं उपयोगी पडतं.

पुष्कळांना वाटतं, तेल पाण्यात घुसळलं की त्याच्या पेशीसारख्या सूक्ष्म पिशव्या होतात. होत नाहीत, फक्त थेंब होतात. तेलाच्या रेणूत तीन मेदाम्लं ग्लिसरॉलला बांधलेली असतात. सरकीचं कच्चं तेल रिफाइन करताना कॉस्टिक सोडा घातला की त्यातली सुटी मेदाम्लं साबण होऊन वेगळी निघतात. तोच सोप स्टॉक. पिशवी बांधतो तो हा सुटा रेणू: पाण्यात रमणारं डोकं आणि पाणी टाळणारी लांब शेपटी.

साबणाचा फुगा म्हणजे मात्र ही पिशवी नव्हे. फुग्याच्या आतबाहेर हवा असते, म्हणून शेपट्या हवेकडे वळतात. पिशवीच्या आतबाहेर पाणी असतं. शेपट्या दोन थरांच्या मध्ये लपतात.

आणि साबणाच्या पाण्यात पिशव्या असतातच, असंही नाही. सगळं सामूवर (पीएचवर) ठरतं. माती परीक्षणाच्या अहवालात शेतकरी वाचतो तोच सामू. ओलेइक आम्ल घ्या. सामू दहाच्या वर असेल तर सगळी डोकी ऋणभारित, एकमेकांना ढकलणारी. रेणूंचे भरीव गोळे होतात आणि पाणी निवळ दिसतं. थोडं थोडं आम्ल घालत सामू साडेआठच्या आसपास आणा. सुमारे निम्म्या डोक्यांचा भार जातो, शेजारी शेजाऱ्याला हायड्रोजन बंधानं धरतो, आणि पाणी दुधाळ होतं. पिशव्या झाल्या! सामू सातच्या खाली गेला की पुन्हा तेलाचे थेंब. ओलेइक आणि लिनोलेइक आम्लांच्या अशा पिशव्या गेबिकी आणि हिक्स या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवल्या. सरकीच्या तेलात ही दोन्ही आम्लं भरपूर असतात.

यासाठी विकर लागत नाही, जिवंत पेशीही लागत नाही. म्हणूनच जीवसृष्टीच्या आरंभाचा शोध घेणाऱ्यांना या पिशव्यांचं एवढं मोल. पण कोणतंही पाणी चालतं, हाही गैरसमजच. बोअरच्या जड पाण्यात साबण फेसाळत नाही, बादलीत पांढरट साका धरतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पिशव्यांचंही तेच करतात. समुद्राचं पाणी त्यामुळे अडचणीचं ठरतं. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत सुधा राजामणी यांच्या गटानं लडाखमधल्या गरम झऱ्यांचं पाणी घेऊन त्यात पिशव्या होतात का, हे २०१७ मध्ये तपासलं. सर्वांत टिकाऊ ठरलं ते मेदाम्ल आणि त्याच्याच ग्लिसरॉल जोडलेल्या रूपाचं मिश्रण. तपासलेल्या प्रत्येक झऱ्याच्या पाण्यात त्याच्या पिशव्या झाल्या.