पीतज्वराची पत्रे आणि रानातली खबर

पूर्वी कोकणातल्या बऱ्याच घरांतून ओटीवर तारेचा एक आकडा टांगलेला असे. मुंबईहून आलेले कार्ड वाचून झाले, की ते त्या आकड्यात खोचायचे. आकडा भरला, की जुनी पत्रे काढून टाकायची. कधी ती चुलीतही जायची. त्यांत काय असे? कोण कधी आला, कोणाला ताप आला, कोण बरा झाला, एवढेच. परंतु अशाच साध्या मजकुराने एकदा एका भयंकर रोगाचे कोडे सुटण्यास मदत झाली. तो रोग म्हणजे पीतज्वर, ज्याला यलो फीव्हर म्हणतात. त्याच्या संशोधनाचा पत्रव्यवहार आज आपण थोडा चाळून पाहू. आणि पाहता पाहता आपल्याच जिल्ह्यातल्या रानापर्यंत येऊन पोहोचू.

पीतज्वर भारतात कधी रुजलेला नाही. तरी त्याचे नाव किनाऱ्यावर अगदीच परके नाही. तोंडवली-तळाशीलच्या बाजूचा एखादा मुलगा बोटीवर नोकरीला लागला आणि बोट आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या काही बंदरांना जाणार असली, तर त्याला ह्या रोगाची लस टोचून घ्यावी लागते. तिचा पिवळा दाखला त्याने पासपोर्टाबरोबर जपायचा. २०१६ पासून हा दाखला जन्मभर चालतो. दाखल्यावाचून तिकडून परतलेल्या माणसाला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. एवढी कडक व्यवस्था कशासाठी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

ह्या रोगाची सुरुवात साध्या तापासारखी होते. थंडी, अंगदुखी, उलट्या. बहुतेक रोगी तीनचार दिवसांत बरे होतात. काहींचा ताप मात्र उलटतो, डोळे पिवळे होतात, उलटीतून काळे पडलेले रक्त येते. ह्या अवस्थेला गेलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास दगावतात. १७९३ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया ह्या एका शहरात सुमारे ५,००० माणसे अशी गेली. रोग्याच्या कपड्यांतून, अंथरुणातून हा ताप पसरतो, अशी सर्वांची समजूत होती. १८८१ साली क्यूबातील हवाना शहरच्या कार्लोस फिनले ह्या डॉक्टरांनी सांगितले, की हे काम डासाचे आहे. पण त्यांच्या प्रयोगांनी ते नि:संशय सिद्ध होईना, आणि जवळजवळ वीस वर्षे त्यांचे म्हणणे बाजूला पडले.

अडले कोठे होते? ह्याचे उत्तर एका खेड्याने दिले. १८९८ साली हेन्री कार्टर हे डॉक्टर अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, ऑरवुड आणि टेलर ह्या लहान वस्त्यांत ताप पाहण्यास गेले. शहरात कोण कोणाकडे केव्हा गेला हे कळत नाही. खेड्यात मात्र सगळ्यांना सगळे ठाऊक असते. कार्टरांनी घरोघर विचारून तारखा लिहून काढल्या. त्यांना असे दिसले, की पहिला रोगी आजारी असताना जे त्याला पाहायला गेले, ते ठणठणीत राहिले. दोन आठवड्यांनंतर जे त्याच घरी गेले, त्यांतले काही आजारी पडले; आणि तेव्हा तर तो रोगी तेथे नव्हताही! मग ह्या मधल्या दिवसांत त्या घरात काय शिजत होते?

कार्टरांनी आपली ही टिपणे १९०० साली हवाना येथे काम करणाऱ्या जेसी लाझिअर ह्या तरुण डॉक्टरकडे पाठवली. अमेरिकन सैन्याने वॉल्टर रीड ह्यांच्या नेतृत्वाखाली चार डॉक्टरांचे जे मंडळ तेथे नेमले होते, त्यांत लाझिअर होता. जेम्स कॅरॉल आणि अग्रामोंते हे बाकीचे दोघे. फिनले ह्यांनी आपल्याजवळची डासांची अंडी मंडळाला दिली होती. आता अर्थ लागला. डासाने रोग्याला चावल्यावर सुमारे बारा दिवस जावे लागतात. तेवढ्या काळात विष त्याच्या अंगात वाढते आणि मगच त्याचा डंख बाधतो. फिनले ह्यांनी डास फार लवकर वापरले होते, म्हणून प्रयोग फसले होते.

ऑगस्ट १९०० मध्ये कॅरॉल ह्यांनी असा डास स्वत:ला चावू दिला. ते मरता मरता वाचले. ८ सप्टेंबरला लाझिअरने आपल्या पत्नीस पत्र लिहिले. ती बाळंतपणासाठी अमेरिकेत परतली होती. आपण खऱ्या कारणाच्या मागावर आहोत असे वाटते, पण इतक्यात कोणाला चाहूलही लागू द्यायची नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. त्यानंतर सतरा दिवसांनी, २५ सप्टेंबरला, लाझिअर पीतज्वराने गेला. वय अवघे ३४.

पुढे रीड ह्यांनी त्याच्या नावाने छावणी उभारली आणि दोन लाकडी खोल्या बांधल्या. एकीत रोग्यांची घाणेरडी अंथरुणे ठेवून त्यांवर माणसे वीस रात्री निजली. कोणालाही ताप आला नाही. दुसरी खोली स्वच्छ. मधोमध तारेची जाळी. जाळीच्या एका बाजूस बाधित डास सोडले. त्या बाजूला पडून राहिलेल्या जॉन मोरन ह्या स्वयंसेवकाला नाताळच्या दिवशी ताप चढला. जाळीपलीकडचे निर्धास्त राहिले. प्रयोगाला तयार झालेल्या स्पॅनिश मजुरांशी लेखी करार केले होते. भाग घेतल्याबद्दल १०० डॉलर सोने, ताप आल्यास आणखी १००. त्यांत जिवाच्या धोक्याची कल्पना स्पष्ट दिली होती. आज माणसावर औषधाचा प्रयोग करताना जी लेखी संमती घेतात, तिचा हा एक जुना नमुना होय. गरिबाला पैशाचा मोह दाखवून घेतलेली संमती कितपत मोकळी, हा प्रश्नही ते कागद वाचणाऱ्याला पडतो, आणि पडावा.

हे सगळे आपल्याला इतक्या तपशिलाने माहीत आहे, त्याचे श्रेय एका वेगळ्याच डॉक्टरला आहे. फिलिप हेंच हे संधिवाताचे तज्ज्ञ. कॉर्टिसोनच्या कामाबद्दल १९५० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १९३७ च्या सुमारास त्यांनी पीतज्वराच्या प्रयोगातील हयात माणसांना पत्रे लिहिण्यास आरंभ केला. मोरन त्यांत होता. विधवांना, मुलांना त्यांनी विचारले, तुमच्याकडे जुनी पत्रे आहेत का? लाझिअरला डास चुकून चावला असे सरकारी अहवालात होते. त्याने तो मुद्दाम चावू दिला असावा, अशी सहकाऱ्यांना शंका होती. छावणीची जागा नेमकी कोणती, ह्यावरही वाद होते. हेंचनी प्रत्येक उत्तर जपून ठेवले, जुळणारेही आणि न जुळणारेही. १९६५ साली ते वारले, आणि पुढे त्यांच्या पत्नीने तो सारा संग्रह व्हर्जिनिया विद्यापीठाला दिला. कार्टर ह्यांचे कागदही तेथेच आहेत. ज्याचे नाव मोठे त्याचीच गोष्ट उरते, असे एरवी घडते. येथे मजुराचा करारही उरला.

मंडळाच्या शोधानंतर १९०१ मध्ये हवाना शहरात घरोघरचे रांजण, पिंपे झाकली, साचलेल्या पाण्यावर तेल ओतले, आणि वर्ष संपण्यापूर्वी तेथला पीतज्वर हटला. पण लस मिळायला आणखी छत्तीस वर्षे लागली. १९२७ साली आफ्रिकेत, आजच्या घाना देशात, असिबी नावाच्या एका रोग्याचे रक्त घेऊन ते माकडाला टोचले. त्या काळी पीतज्वर घेणारा प्राणी सापडत नव्हता. भारतातून तिकडे गेलेल्या लाल तोंडाच्या माकडांनी तो घेतला. असिबी बरा झाला. त्या कामातले एड्रियन स्टोक्स हे डॉक्टर मात्र त्याच वर्षी पीतज्वराने गेले, आणि पुढल्या वर्षी नोगुची व यंग हे दोघे. असिबीच्या रक्तातल्या त्याच विषाणूपासून मॅक्स थायलर ह्यांनी १९३७ मध्ये लस सिद्ध केली. १९५१ मध्ये त्यांस नोबेल मिळाले. बोटीवर जाणाऱ्या आपल्या मुलाच्या दंडात जी लस जाते, तिचे मूळ असे आहे.

भारतीय माकडांना हा रोग होतो, हे कळल्यावर आपल्याकडची काळजी वाढली. पनामाचा कालवा १९१४ मध्ये सुरू झाला, त्याच्या आदल्याच वर्षी मेजर जेम्स ह्यांनी भारताला पीतज्वरापासून कसे वाचवावे ह्यावर लिहिले होते. डास येथे आहेच. डेंगी पसरवतो तोच हा डास. आपल्या परसातल्या करवंट्या, उघड्या टाक्या, वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीतले पाणी, हे त्याचे पाळणे. म्हणून तो पिवळा दाखला.

१९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांनी मिळून पुणे येथे विषाणू संशोधन केंद्र काढले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यातून खबर आली, की क्यासनूरच्या रानात माकडे मरत आहेत आणि भोवतालच्या गावांत लोक तापाने आजारी आहेत. लोकांचा ताप विषमज्वर समजला जात होता. पण माकडे आणि माणसे एकाच वेळी? पुण्याच्या शास्त्रज्ञांच्या काळजात धस्स झाले. पीतज्वर आला की काय! टेलफोर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी रानात पोहोचले. विषाणू सापडला, तो पीतज्वराच्याच कुळातला, पण निराळा. त्याचे वाहन डास नव्हे, गोचीड. त्या रानावरून रोगाचे नाव पडले. आपण त्याला माकडताप म्हणतो.

हा माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आणि पुढल्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांद्याच्या परिसरात आढळला. काजूच्या बागेत बिया गोळा करणारी, लाकूडफाटा आणणारी माणसे त्याने गाठली. काहींचे प्राण गेले. शंभर रोग्यांत तीन ते पाच दगावतात असे धरले जाते. अचानक जोराचा ताप, डोके आणि स्नायू असह्य दुखणे, क्वचित नाकातून वा हिरड्यांतून रक्त, ही त्याची लक्षणे. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम. माणसापासून माणसाला तो होत नाही. जुनी लस पुरेशी गुणकारी नसल्याचे दिसल्यावर तिचा वापर थांबवण्यात आला. तेव्हा सावधपणा हाच आधार. रानात जाताना अंगभर कपडे घालावे, अंगाला गोचीड न लागण्याचे तेल लावावे, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंग तपासावे आणि कपडे धुवावे.

वानर किंवा माकड मेले, की त्याच्या अंगावरची गोचिडे खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते. म्हणून त्याला हात लावू नये, ओढून दूर टाकू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास व वनखात्यास कळवावे. आणि येथे शिक्षक मित्रांस एक विनंती आहे. शाळेत एक साधी वही घाला. मुले रानातल्या बातम्या आणतातच. तारीख, वाडी, झाडाची किंवा पाणंदीची खूण, माकड की वानर, किती, कोणी पाहिले, कोणाला कळवले, एवढ्या गोष्टी तीत उतरवा. ताप आलेल्याच्या बाबतीत तो केव्हा आणि कोणत्या बाजूच्या रानात गेला होता, हे त्याच्या संमतीने लिहून आरोग्य सेविकेला द्या. अंदाज लिहू नका. पाहिले तेवढेच लिहा. मिसिसिपीच्या त्या वस्त्यांतल्या लोकांनी कार्टरांना काय सांगितले? कोण कोणत्या दिवशी कोणाच्या घरी गेला, एवढेच. तारीख बरोबर होती, म्हणून ते कामी आले.

वर्ष संपले की वही टाकून देऊ नये. शाळेच्या कपाटात तिला जागा असावी.