पोरगं ट्रॅक्टर बनवतंय? बनवू द्या!



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. चाकं लावलेले लाकडी नंदी सजवून पोरं मिरवणुकीला निघतात. नंदीच्या शिंगांचा डौल, वशिंड, झूल हे सारं म्हातारी माणसं बारकाईने न्याहाळतात. आता बऱ्याच घरी बैलजोडीच्या जागी ट्रॅक्टर आला, तसं पोरांच्या हातातलं खेळणंही बदललं. जुन्या चपलेची चाकं कापून, प्लायवूड तासून पोरं ट्रॅक्टर-ट्रॉली बनवतात. आणि घरोघरी बोलणीही खातात!

असाच एक शेतकरी मला म्हणाला, "साहेब, सांगा जरा याला. परीक्षा तोंडावर आली अन् हा लाकडं घासत बसला." नववीतला मुलगा मान खाली घालून उभा होता. त्याचं मॉडेल मी हातात घेतलं. घरच्याच ट्रॅक्टरची हुबेहूब छोटी प्रतिकृती होती ती. मुलगा हळूच म्हणाला, "सर, मागच्या पीटीओच्या दांड्यावर कंपनीच्या पुस्तकात झाकण दाखवलं आहे. आमच्या ट्रॅक्टरला नाही. मग मी दाखवू की नको?"

आम्ही तिघंही उठून खऱ्या ट्रॅक्टरच्या मागे गेलो. झाकण खरंच नव्हतं. दुरुस्तीच्या वेळी कधी तरी काढलं, ते परत बसलंच नाही. वडील रोज त्याच दांड्याजवळ धोतर नेसून, गळ्यात दुपट्टा टाकून वावरत होते. पीटीओ मिनिटाला 540 फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला 9. कपड्याचं टोक एकदा अडकलं की माणसाला हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. इतक्या दिवसांत जे वडिलांना दिसलं नाही, मलाही दिसलं नाही, ते पोराला दिसलं. कारण मॉडेल बनवणाऱ्याला प्रत्येक भाग पाहावाच लागतो. त्या आठवड्यात झाकण बसलं. पोरगं वाया जातंय, हे बोलणंही बंद झालं.

हा छंद पोरखेळ नव्हे

गाड्यांची प्रमाणबद्ध मॉडेल बनवणं हा जगभर चालणारा छंद आहे. अमेरिकेत फिशर बॉडी या मोटारींचे सांगाडे बनवणाऱ्या कंपनीने 1930 ते 1968 या काळात शाळकरी व तरुण मुलांसाठी मॉडेल बनवण्याची स्पर्धा चालवली. सुरुवातीला घोड्यांची बग्गी, पुढे एकास बारा प्रमाणातल्या मोटारी. जिंकणाऱ्याला उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळे. 1947 मध्ये जिंकलेला चार्ल्स जॉर्डन पुढे 1986 मध्ये जनरल मोटर्स कंपनीत डिझाइन विभागाचा उपाध्यक्ष झाला.

शेतीच्या यंत्रांचं तर वेगळंच दालन आहे. आयोवा हे अमेरिकेतलं मक्याचं राज्य. तिथे फ्रेड अर्टल या साचेकाम करणाऱ्या कारागिराने 1945 साली घराच्या तळघरात ॲल्युमिनियम वितळवून खेळण्यातले ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. पुढे त्याचा मोठा कारखाना झाला. त्याच राज्यातल्या डायर्सव्हिल गावी 1986 मध्ये शेती खेळण्यांचं संग्रहालय उघडलं. तिथले हौशी लोक तयार ट्रॅक्टर घेऊन त्याला तेलाच्या नळ्या, इंजिनाच्या वायरी, सीटच्या शिवणीसुद्धा लावतात.

आता प्रत्येक पोरगं इंजिनिअर होईलच असं नाही. पण मोजमाप कळणारा शेतकरी झाला तरी काय कमी आहे?

प्रमाण म्हणजे काय?

शेतीच्या मॉडेलला अमेरिकेत एकास सोळा आणि युरोपात एकास बत्तीस हे प्रमाण जास्त चालतं. आपण एकास सोळा धरू. खऱ्या ट्रॅक्टरचं प्रत्येक माप टेपने घ्यायचं आणि 16 ने भागायचं. मागचं चाक 128 सेंटीमीटर उंच भरलं, तर मॉडेलचं 8. पुढचं 72 भरलं, तर साडेचार. पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर 192 भरलं, तर 12. पीटीओचा दांडा 35 मिलिमीटर जाड असेल, तर मॉडेलमध्ये जेमतेम 2 मिलिमीटर. म्हणजे बांबूची बारीक काडी पुरते. अंदाजाने काही करू नका. मॉडेलमध्ये 5 मिलिमीटर चुकलं की खऱ्यात 8 सेंटीमीटर चुकलं.

वजनाची गंमत मात्र वेगळी. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळा पटीने घटतात, म्हणून वजन 16 गुणिले 16 गुणिले 16, म्हणजे 4096 पटीने घटतं. 1800 किलोच्या ट्रॅक्टरचं मॉडेल साधारण 440 ग्रॅमचं हवं.

ही आकडेमोड ज्या मुलाच्या हातात बसली, त्याला उद्या शेताचा नकाशा किंवा शेततळ्याचं अंदाजपत्रक वाचायला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही.

साहित्य घरचंच

सांगाड्याला प्लायवूडचे तुकडे, बॉनेटला सनबोर्ड किंवा पत्रा, टायरला जुनी रबरी चपल, नळ्यांना वायरचं आवरण. जोडायला फेविकॉल, फटी भरायला एम-सील. मग आधी जाड, नंतर बारीक पॉलिश पेपर मारायचा, प्रायमरचा हात द्यायचा, आणि तो वाळल्यावरच रंग. रंग एकदम जाड मारू नका, ओघळतो. दोन-तीन पातळ हात द्या.

मागची लिफ्ट उचलायला पोरं पाणी भरलेल्या दोन सिरिंज नळीने जोडतात. एक दाबली की दुसरी उचलते. हायड्रॉलिकचं तत्त्व यात लगेच कळतं. पण सिरिंज मेडिकलमधून नवी आणि बिनसुईची घ्या, दवाखान्याच्या उकिरड्यावरची नको. प्लास्टिकचा पाइप जाळावर धरून वाकवू नका, त्याचा धूर विषारी असतो. रंगाचं काम मोकळ्या हवेत करा. कटर चालवताना मोठं माणूस जवळ हवं.

फळीवरची परीक्षा

मॉडेल तयार झालं की एक प्रयोग जरूर करा. मात्र दोन गोष्टी सांभाळा. नट-बोल्ट घालून वजन भरा, साधारण एक तृतीयांश पुढे आणि बाकी मागे. आणि पुढचा आस मधोमध एका पिनवर डोलता ठेवा, खऱ्या ट्रॅक्टरला असतो तसाच. या डोलत्या आसामुळे ट्रॅक्टर चार चाकांचा दिसला, तरी कलायला लागताना तिवईसारखा तीन टेकूंवर उभा असतो. दोन मागची चाकं आणि तिसरी पुढची पिन.

आता मॉडेल फळीवर आडवं ठेवा. खालच्या बाजूच्या चाकांना पट्टी लावा, म्हणजे ते घसरणार नाही. फळीची दुसरी कड हळूहळू उचला. किती उंचीवर मॉडेल उलटतं ते लिहून ठेवा. मग मागची चाकं आत घेऊन पुन्हा पाहा. ते लवकर उलटेल. शेवटी दोन्ही मडगार्डवर मातीचे गोळे ठेवा, म्हणजे आपण बसवतो तशी माणसं! आणखी लवकर उलटेल, कारण वजन वर गेलं.

खरा ट्रॅक्टर किती उतारावर उलटेल, याचा आकडा या फळीवरून काढू नका. वावरात खड्डा असतो, वळण असतं, वेग असतो. तिथे तो फळीवरच्यापेक्षा आधीच उलटू शकतो. पण धुऱ्यावरून ट्रॅक्टर तिरपा का घालू नये आणि मडगार्डवर कुणाला का बसवू नये, हे मी सभेत दहा वेळा सांगूनही जे पटत नाही, ते फळीवर एका मिनिटात पटतं.

गावाने काय करावं?

सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि मुख्याध्यापक यांना एक विनंती. तान्ह्या पोळ्याला नंदी सजवण्याची स्पर्धा ठेवतोच, ती तशीच राहू द्या. तिच्या जोडीला शाळेत घरच्या यंत्राच्या मॉडेलची स्पर्धा भरवा. ट्रॅक्टर, तिफण, बैलगाडी, मळणी यंत्र, काहीही चालेल. अट एकच, मॉडेलसोबत मोजमापाचा कागद हवा. गुण रंगाला कमी द्या, मापाला जास्त. आणि प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारा, "तुझ्या घरच्या यंत्रात कोणता भाग तुटलेला किंवा गायब आहे?"

त्या उत्तरांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. आणि तुम्ही, बंधूंनो, आज संध्याकाळी एवढंच करा. पोराला टेप द्या, सोबत घ्या आणि आपल्या ट्रॅक्टरच्या मागे जाऊन पाहा, झाकण जागेवर आहे का?