शेपटीचे फोटो आणि जहाजांची वाट

अमेरिकेतल्या बॉस्टन बंदरात ये-जा करणाऱ्या मालवाहू जहाजांची वाट १ जुलै २००७ पासून बदलली. नकाशावर ती सुमारे १२ अंशांनी उत्तरेकडे वळली. जहाजांना त्यापायी दहा-वीस मिनिटं जास्त लागू लागली. बदल्यात देवमाशांना जहाजाची धडक बसण्याचा धोका ८१ टक्क्यांपर्यंत कमी होईल, असा हिशेब मांडला गेला होता. या हिशेबामागे पंचवीस वर्षांच्या नोंदी होत्या, आणि त्या घेतल्या होत्या पर्यटकांच्या बोटींवर. तिकीट काढून, टोपी सांभाळत, मळमळ दाबत देवमासे बघायला आलेल्या लोकांच्या बोटींवर.

हे जमलं कसं, ते समजून घ्यायला आधी ती जागा पाहू. बॉस्टनच्या पूर्वेला, केप कॉड आणि केप ॲन या दोन भूशिरांच्या मधे स्टेलवॅगन बँक नावाचा पाण्याखालचा उंचवटा आहे. हिमयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-खड्यांचा हा ढीग. खोल समुद्रातलं थंड, सकस पाणी या उंचवट्याला आपटून वर येतं आणि त्यावर सूक्ष्म जीव पोसले जातात. वाळूत सँड लान्स नावाचे लहान, सळसळीत मासे स्वतःला पुरून घेतात. त्यांच्या मागावर हंपबॅक देवमासे वसंतात इथे येतात आणि शरदापर्यंत खात राहतात. बॉस्टनकडे जाणारी जहाजंही नेमकी इथूनच जायची.

१९७५ मध्ये प्रॉव्हिन्सटाउन या गावातल्या अल अव्हेलर नावाच्या बोटमालकाने देवमासे दाखवण्याच्या सफरी सुरू केल्या. सोबत चार्ल्स मेयो हा शास्त्रज्ञ होता. पुढच्याच वर्षी मेयो आणि सहकाऱ्यांनी गावात किनारी अभ्यासाचं केंद्र काढलं. व्यवहार सरळ होता: बोटमालकाने अभ्यासकाला फुकट जागा द्यायची, अभ्यासकाने माइकवरून पर्यटकांना माहिती सांगायची आणि मधल्या वेळात आपलं काम करायचं. संशोधनासाठी स्वतंत्र बोट भाड्याने घ्यायची तर डिझेल आणि खलाशी यांतच अनुदान संपतं, त्यामुळे ती वर्षाकाठी मोजकेच दिवस समुद्रात जाते. पर्यटकांची बोट हंगामभर रोज निघते, बऱ्याचदा दिवसातून दोन-तीनदा, त्याच पाण्यात. इतकी सातत्याची हजेरी पैसे देऊनही विकत मिळत नाही. पर्यटनाने संवर्धनाला निधी मिळतो, हे सगळेच सांगतात आणि ते खोटं नाही. पण माझ्या मते त्या बोटीची खरी देणगी म्हणजे ही हजेरी.

आता बोटीवर काय चालतं ते बघा. देवमासा दिसला की वरच्या डेकवर उभा असलेला मदतनीस वेळ, अक्षांश-रेखांश, किती जनावरं, पिल्लू आहे का, खाताहेत की झोपलेत हे लिहून घेतो. मग सगळे वाट बघतात. हंपबॅक पृष्ठभागावर काही श्वास घेतो आणि खोल बुडी मारताना पाठ कमानीसारखी वळवून शेपटी पाण्याबाहेर काढतो. शेपटीची खालची बाजू जेमतेम काही सेकंद दिसते. तिच्यावरचे काळे-पांढरे पट्टे, ठिपके, ओरखडे आणि मागच्या कडेचे दाते प्रत्येक देवमाशाचे वेगळे असतात. फोटो मागून घ्यावा लागतो; बाजूने घेतलेला कितीही देखणा असला तरी ओळखीच्या कामाचा नाही. शेपटीच्या देठाशी मासेमारीच्या दोरांचे व्रण असले तर तेही टिपले जातात. असे व्रण तपासूनच कळलं, की या भागातले निम्म्याहून अधिक हंपबॅक कधी ना कधी दोरांत अडकलेले आहेत.

फोटो मग यादीशी ताडून बघायचा. मेन राज्यातल्या कॉलेज ऑफ द अटलांटिकमध्ये स्टीव्हन कटोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात अशी यादी सुरू केली. आज तिच्यात उत्तर अटलांटिकमधले दहा हजारांहून अधिक हंपबॅक आहेत. यादीतली सगळ्यांत लाडकी म्हणजे सॉल्ट. पाठीच्या पंखावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे व्रण, म्हणून हे नाव. सफरींच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत दिसलेली ही मादी १९७८ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकजवळच्या कोमट पाण्यात सापडली आणि इथले देवमासे हिवाळ्यात कुठे जातात याचा धागा हाती आला. पुढे दशकानुदशकं ती पिल्लांना घेऊन येत राहिली. त्यांची नावंही आईच्या नावाला साजेशी, चटकदार: साल्सा, टबॅस्को, वसाबी. मादी कितव्या वर्षी विते, दोन बाळंतपणांत किती अंतर ठेवते, कोणती लेक कोणाची, हे सारं अशा वर्षानुवर्षांच्या फोटोंतूनच उलगडतं.

जहाजांची वाट ठरवताना हजारो नोंदी नकाशावर टाकल्या, तेव्हा देवमाशांची दाटी वाळूच्या पट्ट्यावर दिसली, म्हणजे सँड लान्सच्या घरावर. खडे-गोटे असलेल्या तळावर ती विरळ होती. वाट तिकडे सरकवता आली. डेव्हिड वायली आणि इतर शास्त्रज्ञांनी हे गणित मांडलं आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ते मान्य केलं.

या नोंदींत खोट नाही असं नाही. बोट देवमासे मिळतील तिथेच जाते. जिथे ती गेलीच नाही तिथे देवमासा नव्हता असं म्हणता येत नाही. म्हणून बोट कुठे, किती वेळ फिरली हेही टिपावं लागतं. रिकाम्या हाताने परतलेली सफर पर्यटकाला फसवणूक वाटते, अभ्यासकाला मात्र तीही नोंद.

यापेक्षा मोठी अडचण खुद्द बोटीची. जवळ येणारं इंजिन जनावराचं खाणं मोडतं आणि धडक पर्यटक-बोटीचीही बसू शकते. स्टेलवॅगनच्या परिसरात वेगाचे नियम आहेत: देवमाशापासून दोन सागरी मैलांच्या आत १३ नॉट्स, एका मैलाच्या आत १०, अर्ध्या मैलाच्या आत ७. पण ते ऐच्छिक. याच वायलींनी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये तपासून छापलं, की सफरींच्या बोटी बहुतेक वेळा हे नियम मोडत होत्या. ज्या बोटींनी वाट बदलायला पुरावा दिला, त्याच बोटी! पुढची सफर वेळेवर गाठायची असते, ही साधी व्यापारी घाई. २००९ पासून व्हेल सेन्स नावाच्या योजनेत सामील झालेल्या कंपन्यांना प्रशिक्षण आणि मानांकन मिळतं. पर्यटकाच्या हातात एवढंच, की अशी बोट निवडायची आणि कप्तानाला ‘अजून जवळ घ्या’ म्हणायचं नाही.

आता फोटोसाठी अभ्यासकच लागतो असंही उरलेलं नाही. २०१५ मध्ये टेड चीझमन यांनी हॅपीव्हेल हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथे कोणीही पर्यटक शेपटीचा फोटो चढवतो, संगणक तो ताडून बघतो आणि देवमासा पुन्हा कुठे दिसला तर फोटोवाल्याला कळवतो. असे फोटो जोडून २०२४ मध्ये एका नराचा प्रवास मांडला गेला: २०१३ मध्ये कोलंबियाजवळ पॅसिफिकमध्ये, २०२२ मध्ये झांझिबारजवळ, मधलं अंतर १३,००० किलोमीटरहून जास्त. त्याच वर्षी उत्तर पॅसिफिकच्या फोटोंवरून निघालेला निष्कर्ष मात्र चिंतेचा होता: २०१२ मध्ये ३३ हजारांवर गेलेले हंपबॅक २०२१ पर्यंत सुमारे २६,७०० वर आले होते. समुद्र तापल्याने अन्न घटलं, हे त्यामागचं मुख्य कारण मानलं जातं.

अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत, आणि ते इतरांसारखे थंड पाण्याकडे जात नाहीत. ओमानजवळच्या गटात शंभराच्या आतच उरले असावेत. त्यांतल्या लुबान नावाच्या मादीला ओमानमध्ये २०१७ च्या अखेरीस उपग्रह-टॅग लावला होता. ती समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली. म्हणजे आपल्या मच्छीमाराच्या मोबाइलमध्ये तिची शेपटी येणं अशक्य नाही. तारकर्ली-मालवणला पर्यटक बघतात ते मात्र हंपबॅक डॉल्फिन. ते शेपटीने नव्हे, पाठीच्या पंखाच्या कडेवरच्या खाचांनी ओळखतात, त्यामुळे फोटो नेमका बाजूने हवा. कोकण सिटेशियन रिसर्च टीमने सिंधुदुर्गात या डॉल्फिनचा अभ्यास केला आहे. रोज त्याच पाण्यात जाणाऱ्या होड्या तिथे आयत्याच आहेत. कळपाच्या मागे न धावता इंजिन मंद ठेवून बाजूबाजूने जाणारा तांडेल आणि वेळ-जागा टिपणारी एक वही, एवढी भर पडली तर त्या फेऱ्यांतूनही अभ्यासाजोगी माहिती जमू लागेल.